आतडं आणि कातडं

ऑक्टोबर 2025 मध्ये हवाई बेटांवरच्या कोना इथे महिलांची आयर्नमॅन जागतिक स्पर्धा झाली. ब्रिटनची लूसी चार्ल्स-बार्कली आणि अमेरिकेची टेलर निब या दोघींनी दिवसभर शर्यत आपल्या हातात ठेवली होती. पोहणं झालं, 180 किलोमीटर सायकल झाली, मॅरेथॉनचाही बराच भाग मागे पडला. मग लूसी मंदावली, चालू लागली आणि शेवटी थांबलीच. निब एकटी पुढे निघाली. अंतिम रेषा अवघ्या तीन-चार किलोमीटरवर आलेली, आणि तिथे तिचे पाय पुढे पडेनात. ती रस्त्यावर खाली बसली. मागून येणारी नॉर्वेची सोलवेग लोव्सेथ तिला ओलांडून गेली आणि जगज्जेती झाली. दुसरी आलेली कॅट मॅथ्यूज तिच्यापेक्षा फक्त 35 सेकंद मागे होती.

लूसी आणि टेलर या जगातल्या सर्वांत तयारीच्या खेळाडूंपैकी. सरावात कसूर नव्हती, जिद्दीत नव्हती. त्यांना थांबवलं ते कोनाच्या उन्हानं आणि दमट हवेनं. हे पाहिल्यापासून माझी एक खात्री अधिक पक्की झाली आहे. आपण खेळाडूचे पाय बघतो, फुप्फुसं आणि हृदय यांबद्दल बोलतो. पण लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनचा निकाल बहुतेक वेळा दोन पातळ पडद्यांवर लागतो. एक आतड्याच्या आतलं अस्तर आणि दुसरी अंगावरची कातडी. अस्तरातून साखर किती वेगानं आत येते आणि कातडीवाटे उष्णता किती वेगानं बाहेर पडते, यावर बाकीचं सगळं उभं असतं.

आधी अंतर डोळ्यांपुढे आणू. 3.8 किलोमीटर पोहणं, लगेच 180 किलोमीटर सायकल, आणि सायकल ठेवली की 42.2 किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन. हे आकडे कुठल्या प्रयोगशाळेत ठरले नाहीत. हवाईच्या ओआहू बेटावर तीन वेगवेगळ्या शर्यती होत असत: समुद्रातलं पोहणं, बेटाला सायकलनं प्रदक्षिणा आणि होनोलुलूची मॅरेथॉन. जास्त दमदार कोण, पोहणारे की पळणारे की सायकलवाले, यावर तिथे वाद रंगला. अमेरिकी नौदलातले जॉन कॉलिन्स आणि त्यांच्या पत्नी ज्यूडी यांनी तिन्ही शर्यती एकाच दिवशी जोडून टाकल्या. 18 फेब्रुवारी 1978 रोजी 15 जण पाण्यात उतरले, 12 जणांनी शेवट गाठला. गॉर्डन हॉलर 11 तास 46 मिनिटं 58 सेकंदांत पहिला आला. दुसऱ्या आलेल्या जॉन डनबारच्या मदतनिसांजवळचं पाणी वाटेत संपलं, तेव्हा त्यांनी त्याला बिअर पाजली. इतक्या लांबच्या शर्यतीत नेमकं काय प्यावं, काय खावं हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं.

2024 मध्ये जर्मनीच्या पॅट्रिक लांगेनं कोनाची शर्यत 7 तास 35 मिनिटं 53 सेकंदांत संपवली. रस्ता वेगळा, सायकली वेगळ्या, बूट वेगळे हे मान्य. तरी चार तासांहून अधिक फरक पडला, त्यातला मोठा वाटा आहे तो शरीरात शिरणाऱ्या आणि शरीरातून निघणाऱ्या गोष्टींचा हिशेब माणसाला कळल्याचा.

हा हिशेब मला फार विलक्षण वाटतो. 65 किलो वजनाचा, आठ तासांच्या आत शर्यत संपवणारा खेळाडू घ्या. पोहणं, सायकल आणि धावणं मिळून तो अंदाजे 8000 कॅलरी जाळतो. त्याच्या स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेनच्या रूपात जी साखर साठलेली असते ती जेमतेम 400 ते 500 ग्रॅम, म्हणजे 2000 कॅलरींच्या आसपास. नुसत्या त्यावर भागवायचं म्हटलं तर सायकलची निम्मी वाट सरायच्या आतच खडखडाट होईल. दुसरीकडे चरबीचा साठा प्रचंड. अगदी काटक खेळाडूच्या अंगावरही पाचेक किलो चरबी असते, आणि एका ग्रॅमला नऊ कॅलरी धरल्या तर ती झाली 45,000. मग सगळी शर्यत चरबीवरच का पळू नये? कारण चरबी सावकाश जळते आणि तेवढ्याच ऊर्जेसाठी जास्त प्राणवायू मागते. वेग वाढवला की शरीर साखरच मागतं.

म्हणून लांब पल्ल्याचा खेळाडू वर्षभर जे करतो त्यातलं बरंचसं काम दिसायला अगदी संथ असतं. सरावाचा मोठा भाग शेजारच्याशी गप्पा मारता येतील इतक्याच वेगानं होतो. सहा वेळा कोना जिंकलेला मार्क ॲलन याच वाटेनं गेला. हृदयाचे ठोके मिनिटाला 155 च्या वर जाऊ द्यायचे नाहीत असा नियम त्यानं स्वतःला घालून घेतला, आणि सुरुवातीला त्यापायी त्याला लाज वाटेल इतकं हळू पळावं लागलं. अशा महिनोन्‌महिन्यांच्या सरावानं स्नायूंतल्या केशवाहिन्या वाढतात, पेशींच्या आत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रिया वाढतात, आणि पूर्वी ज्या वेगाला साखर लागायची त्याच वेगाचा अधिक भार चरबी उचलू लागते. साखर शेवटच्या तासांसाठी शिल्लक राहते. 1989 मध्ये ॲलन आणि डेव्ह स्कॉट कोनात जवळजवळ आठ तास खांद्याला खांदा लावून झुंजले. धावण्याचे शेवटचे काही किलोमीटर उरले असताना एका चढावर ॲलन सुटला, आणि 58 सेकंदांनी जिंकला. त्याआधी तो सहा वेळा तिथे येऊन हरला होता.

नॉर्वेच्या मंडळींनी हाच संयम रक्ताच्या थेंबात मोजायला घेतला. सराव चालू असतानाच प्रशिक्षक खेळाडूला थांबवतो, कानाची पाळी आधी नीट पुसतो, मग सुई टोचतो. पुसण्याला महत्त्व आहे, कारण मोजायचं असतं ते लॅक्टेट, म्हणजे साखर वापरताना स्नायूंत बनणारा पदार्थ, आणि ते घामातही असतं; घामाचा अंश मिसळला तर आकडा चुकतो. वर आलेला पहिला थेंबही बऱ्याचदा टिपून टाकतात, दुसरा पट्टीला लावतात. काही सेकंदांत हातातल्या छोट्या यंत्रावर आकडा उमटतो. ठरल्यापेक्षा जास्त आला तर खेळाडूला जोर कमी करायला सांगतात, त्याला कितीही ताजंतवानं वाटत असलं तरी. लॅक्टेट म्हणजे थकव्याचं विष असं आपण शाळेपासून ऐकत आलो. खरं तर ते उत्तम इंधन आहे. स्नायूंचे वेगानं काम करणारे तंतू ते बाहेर टाकतात, आणि शेजारचे संथ तंतू व स्वतः हृदय ते आनंदानं वापरतात. रक्तातला आकडा फक्त इतकंच सांगतो की बनण्याचा आणि वापरण्याचा मेळ अजून बसतो आहे की सुटला. या पद्धतीनं घडलेला क्रिस्टियन ब्लुमेनफेल्ट टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकला आणि वर्षभराच्या आत आयर्नमॅनचा जगज्जेताही झाला.

आता आतड्याकडे येतो.

8000 कॅलरींमधून साठ्यातल्या 2000 वजा केल्या, चरबीच्या तीनेक हजार वजा केल्या. उरलेल्या तीन हजारांच्या आसपास कॅलरी शर्यत चालू असतानाच, मुख्यतः सायकलवर बसून, तोंडावाटे आत घ्याव्या लागतात. गिळणं सोपं आहे. अडचण पोटाच्या पुढे सुरू होते. ग्लुकोज आतड्यातून रक्तात आपोआप झिरपत नाही. अस्तराच्या पेशींवर त्याला आत ओढून घेणारी प्रथिनं असतात, आणि ग्लुकोजसाठीचं मुख्य प्रथिन तासाला साधारण 60 ग्रॅमपेक्षा जास्त पोचवू शकत नाही. त्याहून अधिक घेतलं तर ते आतड्यातच पडून राहतं, पाणी ओढून घेतं, आणि मग पोटात कळा, मळमळ, उलटी. पूर्वी कित्येक दमदार खेळाडूंच्या शर्यती रस्त्याच्या कडेला ओणवं होऊन संपल्या त्या यामुळे.

या प्रथिनाची आणखी एक खोड आहे. ग्लुकोजचा प्रत्येक कण आत घेताना ते सोबत सोडियम घेतं, आणि त्या दोघांच्या मागोमाग पाणी आत जातं. जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी 1960 मध्ये ही जोडी मांडली. 1971 मध्ये बांगलादेश युद्धाच्या काळात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली आणि सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी ग्लुकोज आणि मीठ घातलेलं पाणी लोकांना पाजून असंख्य जीव वाचवले. आपल्याकडच्या आरोग्य केंद्रात जुलाब झालेल्या पोराला जलसंजीवनीची पुडी देतात, तिचं काम आतड्यातल्या ह्याच प्रथिनावर चालतं. कोनाच्या रस्त्यावर ताशी चाळीस किलोमीटरनं जाणाऱ्या जगज्जेत्याच्या बाटलीतलं मीठ-साखरेचं पाणीही त्याच वाटेनं रक्तात उतरतं. मला या गोष्टीचं नवल अजून सरलेलं नाही.

60 ग्रॅमची मर्यादा मोडली ती अगदी साध्या युक्तीनं. फ्रुक्टोज ही साखर आत नेणारं प्रथिन वेगळं असतं. ग्लुकोजची वाट भरली असली तरी फ्रुक्टोजची मोकळी असते. एस्कर ज्यूकेंड्रप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 नंतरच्या दशकात दोन्ही साखरा मिसळून दिल्या, तर तासाला 90 ग्रॅमपर्यंत साखर कामी येऊ लागली. आज अव्वल खेळाडू 100-120 ग्रॅमपर्यंतही जातात. आणि गंमत बघा, आपल्या डब्यातली साधी साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडगोळीच. महागडी जेल परवडत नाहीत असे हौशी लोक रविवारच्या लांब सायकलीसाठी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर साखर मोजतात, मीठ टाकतात, लिंबू पिळतात, आणि त्याच्यावर पानशेतपर्यंत जाऊन येतात. शास्त्राच्या दृष्टीनं त्यात काहीही कमी नाही.

मात्र पहिल्याच दिवशी तासाला 90 ग्रॅम साखर पचत नाही. जोरात व्यायाम चालू असताना शरीर रक्त स्नायूंकडे आणि कातडीकडे वळवतं, आतड्याच्या वाट्याला फार थोडं उरतं. अशा उपाशी आतड्याला काम करायला शिकवावं लागतं. आठवड्यांमागून आठवडे, सरावात, थोडी थोडी मात्रा वाढवत. साखर वारंवार मिळत राहिली की ती ओढणारी प्रथिनंही वाढतात. मांडीचा स्नायू सरावानं घडतो हे आपल्याला दिसतं, म्हणून पटतं. आतड्याचं अस्तरही सरावानं घडतं.

यावर आणखी एक प्रयोग सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. 2004 मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी सायकलपटूंना तासाभराच्या चाचणीत साखरेसारख्या कर्बोदकाच्या पाण्यानं फक्त चूळ भरायला लावली आणि ती थुंकायला सांगितली. पोटात काहीच गेलं नाही, तरी त्यांचा वेळ सुमारे तीन टक्क्यांनी सुधारला. पुढे मेंदूची छायाचित्रं काढल्यावर दिसलं की तोंडात कर्बोदक पोचताच मेंदूतले सुखावणारे भाग जागे होतात. म्हणजे थकवा हा केवळ रिकाम्या स्नायूंचा नसतो. पुढे रसद येणार की नाही याचा अंदाज घेऊन मेंदूही हात आखडता घेतो किंवा सैल सोडतो.

पोहण्याबद्दल मी मुद्दाम थोडकंच लिहितो आहे. चांगलं पोहणाऱ्याला ती तासाभराची गोष्ट. पुढच्याच्या पावलांमागे राहिलं तर श्रम वाचतात आणि त्याला मुभा आहे. लाथा कमी मारायच्या, कारण पायांना पुढे दिवसभर राबायचं आहे. सायकलवर मात्र पुढच्याच्या आडोशानं जायला बंदी. ठरलेलं किमान अंतर ठेवावं लागतं, नाहीतर पंच दंड ठोठावतात. प्रत्येकानं आपला वारा स्वतः कापायचा. हवेला तोंड द्यायला लागणारी ताकद वेगाच्या घनानं वाढते, म्हणून खेळाडू कोपरं टेकून, मान खाली घालून, चार-साडेचार तास तसाच आडवा राहतो. वाकलेल्या पाठीनं सायकलवरून उतरून लगेच पळायचं, हे एकदा तरी करून पाहावं. पाय आपले वाटत नाहीत. त्यासाठी सायकल आणि धावणं जोडून करायचा सराव असतो, त्याला खेळाडू ब्रिक म्हणतात.

खरी परीक्षा या धावण्यातच होते, आणि तिथे कातडीची पाळी येते.

आपले स्नायू जेवढं इंधन जाळतात त्यातलं जेमतेम 20 ते 25 टक्के कामाला येतं. बाकीची सगळी उष्णता. आपला 65 किलोचा खेळाडू पूर्ण वेगात असताना त्याच्या आत सुमारे 1000 वॉट उष्णता तयार होत असते. ती बाहेर पडायची थांबली, तर दर चार मिनिटांना त्याचं तापमान एक अंशानं वाढेल. पाव तास पुरा व्हायच्या आत तो 40 अंशांवर पोचेल. तसं होत नाही, कारण घाम. एक लिटर घाम पूर्ण सुकला तर साधारण 580 कॅलरी उष्णता घेऊन जातो. महत्त्व घाम येण्याला नाही, तो सुकण्याला आहे. नागपुरातल्या कोरड्या उन्हाळ्यात माठातलं पाणी गारेगार होतं आणि रत्नागिरीत तोच माठ तितका गार होत नाही, कारण दमट हवा आणखी वाफ घ्यायला तयार नसते. कातडीचं अगदी तसंच. थेंब ओघळून जमिनीवर पडला तर पाणी गेलं, मीठ गेलं, गारवा मात्र मिळाला नाही.

सायकलवर निदान ताशी चाळीस किलोमीटरचा वारा अंगावर असतो. धावताना तो पंधरावर येतो, आणि उष्णता जवळपास तेवढीच बनत असते. कोनात हे घडतं भर दुपारी, काळ्या लाव्हाच्या पठारातून जाणाऱ्या डांबरी रस्त्यावर, सावलीचं झाड नसलेल्या ठिकाणी. तोवर घामानं रक्तातलं पाणी कमी झालेलं असतं. तेवढ्याच रक्तावर स्नायूही हक्क सांगतात आणि कातडीही. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला कमी रक्त ढकललं जातं, म्हणून ठोके वाढतात. आतड्याचा वाटा आणखी घटतो, म्हणून साखर आत येणं मंदावतं. इथे दोन्ही पडदे एकमेकांशी जोडलेले आहेत हे कळतं. कातडी हरली की आतडंही हरतं. त्यानंतर मेंदू पायांना मिळणारी आज्ञाच सैल करतो, आणि माणूस खाली बसतो.

यावरही सराव आहे. रोज तास-दीड तास उष्णतेत व्यायाम केला, तर दहा-चौदा दिवसांत शरीर बदलतं. रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो आणि त्यात मीठ कमी जातं. थंड नॉर्वेतले खेळाडू यासाठी घरात, स्थिर सायकलीवर, जाड कपडे चढवून पायडल मारतात. आपल्याकडच्यांना तेवढे कष्ट नाहीत. गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर 2019 पासून निम्म्या अंतराची आयर्नमॅन शर्यत होते: 1.9 किलोमीटर समुद्रात, 90 सायकल, 21.1 धावणं. पुण्या-मुंबईचे, कोल्हापूरचे डॉक्टर, पोलीस अधिकारी, संगणकवाले तिथे मोठ्या संख्येनं उतरतात. त्यांना मी कळकळीनं एक सांगेन. गोव्याच्या दमट हवेत भीतीपोटी नुसतं पाणी ढोसत राहणं हे तहानेइतकंच, कधी त्याहून जास्त घातक ठरतं. रक्तातलं सोडियम पातळ होतं, मेंदूला सूज येऊ शकते, आणि अशानं धावपटू दगावले आहेत. हा धोका सावकाश जाणाऱ्यांना अधिक, कारण त्यांना घाम कमी येतो आणि पाण्याच्या प्रत्येक टेबलापाशी थांबायला वेळ असतो. तहानेप्रमाणे प्यावं, मीठ विसरू नये.

सावकाश जाणाऱ्यांचं शरीरशास्त्र अव्वल खेळाडूंपेक्षा निराळं असतं, आणि मला ते तितकंच मोहवतं. मिलिंद सोमणनं 2015 मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, झुरिकची पूर्ण आयर्नमॅन 15 तास 19 मिनिटांत केली. एवढ्या वेळात करायची तर दर मिनिटाला लागणारी ऊर्जा अव्वल खेळाडूच्या जवळपास निम्मी, म्हणून उष्णताही निम्मी. संथ वेगाला चरबी पुष्कळ साथ देते, साखरेची टंचाई तितकी भासत नाही. त्याऐवजी तळपाय, मांड्या, गुडघे दुप्पट वेळ मार खातात, आणि सूर्य मावळल्यावरही चालत राहावं लागतं.

या टोकाला जपानचे हिरोमू इनादा उभे आहेत. नोकरीतून निवृत्त झाल्यावर साठीत ते पोहायला लागले आणि सत्तरीच्या आसपास ट्रायथलॉनकडे वळले. वय वाढलं की घामाच्या ग्रंथी मंदावतात, कातडीकडे जाणारं रक्त कमी होतं, तहानेची जाणीवही बोथट होते. म्हणजे उष्णता बनते थोडी, पण ती बाहेर काढायची ताकदही तितकीच घटलेली असते. नियमित सरावानं ही घसरण बरीच रोखता येते, पण थांबवता येत नाही. 2015 मध्ये कोनाला ते अंतिम रेषेजवळ कोसळले, उठले, आणि मुदत काही सेकंदांनी हुकली. 2018 मध्ये ते पुन्हा तिथेच पाण्यात उतरले. 85 वर्षांचे होते. पोहले, सायकल चालवली, अंधार पडल्यावर मॅरेथॉनचं उरलेलं अंतर तोडलं, आणि 17 तासांच्या मुदतीला सहा मिनिटं बाकी असताना, 16 तास 53 मिनिटं 49 सेकंदांनी, शर्यत पूर्ण केली.